मुळाक्षरे हाताने आणि कानाने: तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी घरी करायची साधने आणि खेळ

मुळाक्षरांचा तक्ता भिंतीवर लावला, रोज संध्याकाळी ‘क कमळाचा, ख खडूचा’ म्हणून घेतले, की चार वर्षांचे मूल थोड्याच दिवसांत सगळे घडाघडा म्हणते. मग कमळाचे चित्र झाकून नुसत्या ‘क’वर बोट ठेवले की अडते. त्याने पाठ केलेला असतो तक्त्याचा क्रम आणि त्यावरची चित्रे. अक्षराकडे पाहायची त्याला गरजच पडलेली नसते.

म्हणून कोणतेही साधन करायला घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. हे खेळताना मुलाचे बोट अक्षराच्या वळणावरून, लिहायच्या दिशेने फिरणार आहे का? किंवा त्या अक्षराचा आवाज त्याला ऐकून ओळखावा लागणार आहे का? दोन्हींची उत्तरे ‘नाही’ असतील तर ती सजावट आहे. ‘म’वर मोराची पिसे चिकटवण्यात मुलाचा तासभर छान जातो, पण त्या तासात त्याचे लक्ष पिसांकडे असते.

सुरुवात सहा तुकड्यांनी

राज्य शासनाने २००९ मध्ये ठरवून दिलेल्या वर्णमालेत १४ स्वर, २ स्वरादी (अं, अः), ३४ व्यंजने आणि क्ष, ज्ञ ही २ विशेष संयुक्त व्यंजने आहेत, एकूण ५२. ‘अ’पासून ओळीने निघालात तर सगळे स्वर संपून ‘क’ येईपर्यंत मुलाला ‘आई’ सोडून वाचण्याजोगे फारसे काही मिळत नाही. त्यापेक्षा क, म, न, र, ब आणि काना (ा) एवढे सहा तुकडे आधी घ्या. यातून नाक, कान, मान, मामा, काका, बाबा, मका, काम, बारा हे शब्द होतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच मूल स्वतः शब्द लावते आणि पुढची अक्षरे मागायला लागते. ‘आई’ हा शब्द अखंड पट्टीवर लिहून द्या. त्यातले आ आणि ई पुढे सुटे होतील.

त्यानंतर स, त, ल, प, ग, घ आणि दुसरी वेलांटी (ी) घ्या. चार वर्षांच्या मुलाला आठवड्याला दोन नवी अक्षरे पुरतात आणि एका वेळी दहा-पंधरा मिनिटे. मूल रमले असतानाच थांबलात तर दुसऱ्या दिवशी ते आपणहून डबा काढते.

ग, म, भ, न हा वळणांच्या सारखेपणावर बेतलेला जुना क्रम अनेकांना माहीत असतो. हात वळवण्यासाठी तो चांगला आहे, कारण एका अक्षराची सवय दुसऱ्याला कामी येते. पण ओळखण्यासाठी नेमके उलटे करावे लागते. म आणि भ एकाच आठवड्यात दाखवले तर मूल महिनाभर त्यांची अदलाबदल करत राहते. सारखी दिसणारी अक्षरे दूरदूर शिकवा, दोन्ही पक्की झाली की मग शेजारी ठेवा. अशा जोड्या म्हणजे घ-ध, म-भ, य-थ, ब-व, प-ष, द-ढ, ड-ङ.

मुलाच्या नावाचे पहिले अक्षर गटात नसले तरी घ्यावे. ते त्याला सगळ्यात जवळचे असते. नाव श्रेया किंवा स्वरा असेल तर मात्र पूर्ण नावाची पट्टी करा आणि ती फोडून दाखवायच्या भानगडीत पडू नका. जोडाक्षरांना अजून अवकाश आहे.

कान आधी: पिशवीचा खेळ

अक्षर दाखवण्याआधी दोन-तीन दिवस त्याचा आवाज खेळवायचा. कापडी पिशवीत चार वस्तू ठेवा. तीन एका आवाजाच्या, एक वेगळी. मूल हात घालून एकेक वस्तू काढते, नाव घेते आणि कोणती वस्तू ‘चुकून आली’ ते सांगते.

वस्तू निवडताना नवखे लोक एक चूक हमखास करतात. ‘म’साठी मीठ, मेणबत्ती, मुळा घेतात. मोठ्या माणसाच्या कानाला ते सगळे ‘म’चे वाटतात, पण मुलासमोर पुढे जे अक्षर येणार ते नुसते म असते, आणि ‘मीठ’मध्ये त्याला ‘मी’ ऐकू येते. सुरुवातीला बिनमात्रेची नावेच घ्या. घरातच पुष्कळ सापडतात:

क: कप, कढई, कडी, कणीस
म: मणी, मडके, मसाला
न: नथ, नळ, नकाशा
र: रवा, रबर, रताळे
ब: बशी, बटण, बटाटा, बदाम
स: समई, सदरा, ससा
त: तवा, तबक, तराजू
प: पळी, परात, पणती, पतंग
ल: लसूण, लवंग
ग: गहू, गजरा, गवत
ड: डबा, डबी, डफ

ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत. त्यांच्यासाठी शेवटचा आवाज ओळखायचा खेळ करा: बाण, खण, वरण, नळ, फळ, बाळ. च, ज आणि झ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. चहा, चंद्र, चिमणी यांतला च वेगळा आणि चाक, चोच, चूल यांतला वेगळा. एका पिशवीत दोन्ही घालू नका. आधी एक पक्का होऊ द्या, मग ‘हेच अक्षर असेही बोलते’ म्हणून दुसरा आणा.

ख, घ, थ, भ अशा अक्षरांत हवेचा झोत बाहेर पडतो. वर्तमानपत्राची २ सेंमी रुंद, १५ सेंमी लांब पट्टी मुलाच्या ओठांसमोर चार बोटांच्या अंतरावर लोंबकळत धरा. ‘क’ म्हटले की पट्टी जवळजवळ स्थिर राहते, ‘ख’ला उडते. त-थ, ट-ठ याही जोड्या अशा करता येतात. ग-घ आणि ब-भ यांत फरक कमी दिसतो, म्हणून त्या नंतर. फ टाळा, कारण बरेच लोक तो ओठ-दात जवळ आणून उच्चारतात आणि पट्टी सारखीच फडफडत राहते. न-ण आणि ल-ळ यांच्यासाठी हातात आरसा द्या आणि जीभ मागे वळते का ते पाहू द्या.

खरखरीत अक्षरे

एकच साधन करायला वेळ असेल तर हे करा. लागणारे सामान: १५ × १५ सेंमीचे जाड पुठ्ठ्याचे तुकडे, पॉलिश पेपर (हार्डवेअरच्या दुकानात याच नावाने मिळतो), फेविकॉल, जुनी कात्री, टिकल्यांचे पाकीट. पॉलिश पेपर १०० किंवा १२० नंबरचा घ्या. ६० नंबरचा बोटाला बोचतो आणि २२० च्या पुढचा इतका गुळगुळीत असतो की बोटाला वळण जाणवत नाही. नेहमीच्या आकाराच्या एका कागदात १० सेंमी उंचीची चार अक्षरे बसतात.

१. साध्या कागदावर १० सेंमी उंच अक्षर काढा. रेघेची जाडी १ सेंमी ठेवा. संगणकावरून छापून घेणार असाल तर ल आणि श तपासा. अनेक फाँट त्यांची हिंदी वळणे देतात. मुलाच्या पाठ्यपुस्तकात असेल तेच वळण हवे.

२. तो कागद कापून अक्षर सुटे करा, ते उलटे करा आणि पॉलिश पेपरच्या मागच्या, गुळगुळीत बाजूवर ठेवून कडेने रेघ ओढा. इथेच पहिल्यांदा करणारे फसतात: मागच्या बाजूवर सुलटे अक्षर काढले की कापल्यावर ते आरशातल्यासारखे निघते आणि कागद वाया जातो.

३. जुन्या कात्रीने कापा. चांगल्या कात्रीची धार पॉलिश पेपरवर जाते.

४. पुठ्ठ्यावर पातळ फेविकॉल लावून चिकटवा आणि वर जड पुस्तके ठेवून रात्रभर दाबा. कडा सुटल्या तर मुले त्या खरवडत बसतात.

५. जिथून लिहायला सुरुवात करायची तिथे एक लाल टिकली लावा.

ट, ठ, ढ यांसारखी गोल अक्षरे कापायला अवघड जातात. ती फेविकॉलने पुठ्ठ्यावर ब्रशने लिहा आणि वर कोरडी बारीक वाळू किंवा रांगोळी भुरभुरवा. पूर्ण वाळल्यावर, म्हणजे किमान आठ-दहा तासांनी, पुठ्ठा उभा करून टिचकी मारा. जास्तीची वाळू पडून जाईल. पावसाळ्यात दोन दिवस लागतात.

वापरताना तर्जनी आणि मधले बोट जोडून गिरवायचे: आधी डावीकडचा आकार, मग उभा दंड वरून खाली, शेवटी शिरोरेघ डावीकडून उजवीकडे. क आणि फ यांत दंडानंतर उजवीकडचा भाग येतो आणि मग शिरोरेघ. प्रत्येक वेळी गिरवताना अक्षराचा आवाज मोठ्याने म्हणायचा. ‘क कमळाचा’ नव्हे, नुसते ‘क’. दोन वेळा उघड्या डोळ्यांनी, एकदा डोळे मिटून. डोळे मिटून ओळखता आले की ते अक्षर हातात बसले.

या कामाला महागडे सामान लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड भागात बालवाड्या चालवल्या त्या शंख, शिंपले, बिया, पाने अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंच्या जोरावर. बिया वापरताना मात्र दोन नावे लक्षात ठेवा. गुंजा आणि एरंडाच्या बिया दिसायला सुंदर, पण विषारी. त्या मुलांच्या हाती देऊच नयेत. चिंचोके आणि राजमा चालतात, पण तीन वर्षांखालील मुले त्या नाकात घालतात किंवा गिळतात, तेव्हा समोर बसूनच खेळा.

रव्याचा ताट-फळा

साधारण ३० × २० सेंमीचा ट्रे, तळाला गडद निळा किंवा काळा कागद, वर बारीक रवा. थर अर्ध्या सेंटिमीटरहून कमी ठेवा. जाड थरात बोटाची रेघ लगेच ढासळते आणि तळाचा रंगही दिसत नाही. मुलाने लिहून झाल्यावर ट्रे हलकेच हलवला की पाटी कोरी! चुकलेले पुसावे लागत नाही, म्हणूनच लिहायला बिचकणारी मुले यावर मोकळी होतात. रांगोळीही चालते, पण तिची धूळ उडते; दमा किंवा सर्दीचा त्रास असलेल्या मुलाला रवाच द्या. रवा वापरून झाल्यावर डब्यात झाकून ठेवा, नाहीतर मुंग्या आणि सोनकिडे ठरलेले.

याचाच पाण्यातला प्रकार: पाटीवर किंवा शहाबादी फरशीवर खडूने हातभर मोठे अक्षर काढा. मुलाने ओल्या कापसाच्या बोळ्याने, टिकलीपासून सुरू करून, रेघेवरूनच ते पुसायचे. बोळा पिळून घ्या, नाहीतर ओघळ येऊन वळण मोडते.

कणकेसारखा गोळा आणि अक्षराचे सुटे भाग

दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, दोन चमचे तेल, चिमूटभर हळद आणि साधारण पाऊण वाटी कोमट पाणी. पाणी एकदम ओतू नका; थोडे थोडे घालत पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट मळा. हवाबंद डब्यात आठवडाभर टिकतो. पावसाळ्यात मीठ ओल धरते आणि गोळा चिकट होतो, तेव्हा चमचाभर मैदा घालून पुन्हा मळा. हा गोळा खायचा नाही हे मुलाला स्पष्ट सांगा. एवढे मीठ पोटात जाणे धोक्याचे आहे. हाताला ओरखडा असेल त्या दिवशी हा खेळ नको, झोंबते.

पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वळ्या करून खरखरीत अक्षराशेजारी तसेच अक्षर लावायचे. मूल वळ्या कोणत्याही क्रमाने ठेवते. ठेवू द्या, पण अक्षर झाल्यावर त्यावरून बोट मात्र टिकलीपासूनच फिरवून घ्या.

दंड आणि शिरोरेघेसाठी आइस्क्रीमच्या काड्या वापरल्या तर एक अवघड गोष्ट सोपी होते. म, घ, य यांची शिरोरेघ अखंड असते. भ, ध, थ यांना डावीकडे गाठ असते आणि शिरोरेघ तिथे तुटते. म्हणून पहिल्या तिघांना डोक्यावर पूर्ण काडी, दुसऱ्या तिघांना मोडलेली अर्धी काडी आणि वळीची छोटी गाठ. नुसते ‘नीट बघ’ म्हणून जे समजत नाही ते काडी मोडताना समजते. (मोडलेल्या टोकाची कूस पॉलिश पेपरवर घासून काढा.)

अंगणातले आणि बैठे खेळ

ठिकरी: जमिनीवर ४० सेंमीची सहा घरे आखा, प्रत्येकात एक ओळखीचे अक्षर. ठिकरी ज्या घरात पडेल त्याचा आवाज म्हणून लंगडी घालत जायचे. प्रत्येक डावानंतर अक्षरांच्या जागा बदला. तसे केले नाही तर मुले अक्षराऐवजी ‘डावीकडचे दुसरे घर’ लक्षात ठेवतात.

मामाचं पत्र: सहा ते दहा मुले असतील तर हा खेळ तसाच खेळा, फक्त रुमालाला चिमट्याने अक्षराचे कार्ड लावा. ज्याच्या मागे पत्र पडेल त्याने अक्षर वाचूनच पळायचे. अडला तर गोलातल्या कुणीही सांगावे. बाद करू नये. बाद झालेले मूल बाहेर बसते, आणि सरावाची गरज नेमकी त्यालाच असते.

जोड्या: जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद पत्त्यांएवढा कापा. सहा अक्षरांची दोन-दोन कार्डे, म्हणजे बारा. पालथी मांडायची, दोन उघडायची, आवाज म्हणायचा. सारखी निघाली तर आपली. सगळ्यांना एकाच बाजूला बसवा, कारण समोर बसलेल्याला अक्षरे उलटी दिसतात. सहाच्या वर अक्षरे घेतली की चार वर्षांची मुले कंटाळतात.

पारदर्शक बाराखडी

पाचव्या वर्षानंतर, पंधरा-वीस अक्षरे ओळखता आली की हे करा. बाजारातल्या सरकपट्ट्यांत (अक्षरासमोर मात्रांची पट्टी सरकवायचे साधन) मात्रा नेहमी उजवीकडून येते आणि पहिली वेलांटी तिथे बसतच नाही. पारदर्शक प्लास्टिकने ही अडचण सुटते.

८ × ८ सेंमीची कार्डे करा आणि त्यावर व्यंजन लिहा: शिरोरेघ वरच्या कडेपासून बरोबर ३ सेंमीवर, ज्या अक्षरांचा दंड उजवीकडे असतो त्यांचा दंड डाव्या कडेपासून ५ सेंमीवर. तेवढेच तुकडे पारदर्शक फोल्डरमधून कापा आणि त्यांवर पक्क्या शाईच्या मार्करने एकेक चिन्ह काढा: ा, ि, ी, े, ै, ो, ौ, अनुस्वार. कार्डाचा आणि प्लास्टिकचा वरचा डावा कोपरा तिरका कापा. हे विसरू नका. प्लास्टिक उलटले की पहिली वेलांटी दुसऱ्या वेलांटीसारखी दिसते, आणि मूल ते तसेच वाचते. कोपरा जुळला तरच सुलटे, एवढा नियम मुलांना पटकन कळतो.

उकार सगळ्यात शेवटी. ते दंडाखाली बसतात आणि दंडाची जागा अक्षरागणिक बदलते: मु, नु, सु यांत उजवीकडे, कु, फु यांत मध्ये. म्हणून क आणि फ यांच्यासाठी उकारांचे वेगळे तुकडे करा. काना आणि दुसरी वेलांटीही त्यांच्यावर थोडी उजवीकडे काढावी लागते. ट, ठ, ड, ढ, द यांचे उकार हाताने लिहून दाखवणे सोपे. रु आणि रू यांत उकार अक्षराच्या पोटात जातो, त्यांची सरळ तयार कार्डेच करा.

खेळ असा: ‘क’ समोर ठेवा, मूल एकेक प्लास्टिक वर ठेवून वाचते. मग दोन कार्डे शेजारी ठेवून नुसती मात्रा हलवायची. कर, कार, मन, मान, बर, बार. एक काना इकडून तिकडे गेला की शब्द बदलतो हे हाताने करून पाहिल्यावर बाराखडी पाठ करून घ्यावी लागत नाही.

आधी इंग्रजी शिकलेली मुले

इंग्रजी माध्यमात जाणारी किंवा परदेशात वाढणारी मुले मराठी शिकायला बसतात तेव्हा एबीसी झालेली असते. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत येणारी बरीच मुले अशीच. त्यांच्या दोन अडचणी वेगळ्या असतात. एक, त-ट आणि द-ड यांतला फरक त्यांच्या कानाला सवयीचा नसतो. तवा-टप, दही-डबा अशा वस्तूंनी पिशवीचा खेळ त्यांना जास्त दिवस द्या. दुसरी, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसते आणि मराठी अक्षर वरच्या रेघेला लोंबते. यासाठी दोरी बांधून कार्डे चिमट्याने लटकवा; शब्द म्हणजे एका दोरीवरची अक्षरे.

पेन्सिल कधी?

मूल रव्यात आठ-दहा अक्षरे न बघता काढू लागले की खडू द्या, पण लांब नाही. २-३ सेंमीचे तुकडे. लांब खडू मुठीत धरला जातो, तुकडा धरायला अंगठा आणि दोन बोटेच पुरतात, आणि पेन्सिलीची पकड आपोआप घडते. आधी पाटी, मग जाड मेणखडू आणि कोरा कागद, मग दुरेघी वही. वहीत वरच्या रेघेवर शिरोरेघ येईल असे दाखवा. मुलाने अक्षर उलटे काढले किंवा शिरोरेघ विसरली तर लाल पेनाने खूण करू नका. तेच खरखरीत कार्ड काढून बोट दोनदा फिरवून घ्या आणि पुन्हा लिहायला सांगा. एखादे अक्षर आठवडाभर असेच अडत राहिले तर ते डब्यात ठेवून पुढचे घ्या आणि पंधरा दिवसांनी परत काढा.